ग्रासहॉपरची जाळी रेव्हिटमध्ये गेली की का मोडते

ग्रासहॉपर म्हणजे राइनो या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये आकड्यांवरून आकार घडवणारं साधन. त्यात विटांची जाळी झकास दिसते, पण इमारतीचं मॉडेल आणि ड्रॉइंगं करायच्या रेव्हिटमध्ये नेली की तिची माती होते. कधी अख्खी जाळी एकच गोळा होऊन येते आणि शेड्यूलमध्ये (रेव्हिटच्या वस्तूंच्या यादीत) तिची एकच ओळ दिसते. कधी साठ-सत्तर विटा गायब असतात. कधी सगळं येतं, पण प्रत्येक पृष्ठभागावर त्रिकोणांच्या रेघा भरलेल्या असतात. आणि कधी पहिल्यांदा सगळं नीट येतं, पण कोन बदलून फाईल पुन्हा चालवली की एकावर एक दोन जाळ्या उभ्या राहतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या कामांत गेली तीन वर्षं हा त्रास मला कुठल्या ना कुठल्या रूपात होत आलाय. आमच्याकडे शिकायला येणारी मुलंही नेमकी इथंच अडकतात आणि रात्र-रात्र जागतात. म्हणून जे सापडलं ते सविस्तर लिहिते. मी राइनो ७ आणि ८ वापरते आणि रेव्हिटशी जोडायला राइनो इनसाइड, म्हणजे राइनो थेट रेव्हिटच्या आत चालवायची सोय. ही राइनो ७ पासून मिळते. त्याआधी आम्ही सॅट फाईल (घन आकार एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणारी फाईल) काढून न्यायचो, आणि आमच्या भागातली बरीच ऑफिसं अजून तसंच करतात. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं दोन्ही वाटांना लागू पडतं.

उदाहरण एकच घेते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. खानापूर रस्त्यावर एका मंगल कार्यालयाची दर्शनी भिंत. २७ मीटर लांब, चार मीटरच्या थोडी वर उंच, हलक्या वळणाची. खानापूरच्या मातीची भाजकी वीट, २३० × ११० × ७५ मिमी. एकूण ४८ थर आणि थराला ७८ विटा, म्हणजे ३,७४४. प्रत्येक वीट आपल्या मध्याभोवती ० ते ४० अंशांत फिरलेली, त्यामुळं दुपारच्या उन्हात भिंतीवर लाट सरकल्यासारखी दिसते. दोन्ही टोकांना भिंत कलत्या आरसीसी खांबांना भिडते. ग्रासहॉपरच्या दृष्टीनं हे काम सोपं आहे, अर्ध्या दिवसाचं. रेव्हिटमध्ये न्यायला मला अकरा दिवस लागले.

आधी दोन झटपट तपासण्या

आकार अगदीच लहान किंवा अवाढव्य आला तर दुसरीकडे शोधत बसू नका, एकक तपासा. रेव्हिट आतल्या आत सगळं फुटांत ठेवतं, पडद्यावर मिलिमीटर दिसत असले तरी. फरक ३०४.८ पट असेल तर फूट आणि मिलिमीटरची गल्लत आहे, २५.४ पट असेल तर इंचाची, १,००० पट असेल तर मीटरची. राइनो इनसाइड हे रूपांतर स्वतः करतं. सॅट फाईल आणताना मात्र एकक आपण तपासून निवडावं लागतं आणि तिथंच चूक होते.

दुसरी तपासणी जागेची, आणि आमच्याकडे ही फार महत्त्वाची. आता सर्व्हेवाले डीजीपीएसनं, म्हणजे उपग्रहांवरून, मोजणी करून यूटीएमच्या (पृथ्वीचे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीच्या) ४३ व्या पट्ट्यातले आकडे देतात. बेळगावच्या आसपास पूर्वेकडचा आकडा साडेचार लाख मीटरच्या घरात आणि उत्तरेकडचा साडेसतरा लाखांच्या घरात येतो. शिकाऊ मुलगा ती ड्रॉइंग फाईल तशीच राइनोत उघडतो, मिलिमीटरमध्ये करतो आणि तिथंच जाळी काढायला लागतो. म्हणजे वीट शून्यापासून पावणेदोनशे कोटी मिलिमीटर लांब बसलेली! रेव्हिटला त्याच्या आतल्या शून्यबिंदूपासून साधारण १६ किलोमीटरच्या पलीकडची भूमिती झेपत नाही. राइनोतही इतक्या लांबची वस्तू दातेरी दिसायला लागते, कडा थरथरतात. पुष्कळ जण हे ग्राफिक कार्डाचं दुखणं समजून कार्ड बदलायला जातात.

उपाय असा. प्लॉटवरचा एक ठळक कोपरा निवडा. मी शक्यतो कंपाउंडचा असा दगड घेते जो काम संपेपर्यंत हलणार नाही. राइनोत सगळी फाईल त्या दगडाला शून्यावर आणून ठेवा. सर्व्हेचे खरे आकडे रेव्हिटमध्ये सर्व्हे पॉइंटवर, शेअर्ड कोऑर्डिनेट्समध्ये (खऱ्या जागेच्या नोंदीत) लिहा. आकार शून्याजवळ राहतो आणि पत्ता कागदावर राहतो. ही पायरी पहिल्या दिवशीच करायची. ड्रॉइंगं काढून झाल्यावर केली तर सगळे संदर्भ हलतात.

गायब होणाऱ्या विटा

आमच्या भिंतीत पहिल्यांदा नेलं तेव्हा ६३ विटा आल्या नाहीत. कुठल्या, तर फक्त दोन्ही टोकांच्या, खांबाला भिडणाऱ्या. तिथल्या ९६ विटा मी खांबाच्या पृष्ठभागानं कापल्या होत्या. खांब कलता, वीट फिरलेली. त्यामुळं काही ठिकाणी काप विटेच्या कोपऱ्याच्या अगदी जवळून गेला आणि तिथं ०.३ मिमीची एक कड उरली. राइनोला त्यात काहीच गैर वाटत नाही, तो याहून कितीतरी बारीक मोजतो. रेव्हिटचा नियम मात्र पक्का आहे: एक इंचाच्या बत्तिसाव्या भागापेक्षा, म्हणजे साधारण ०.८ मिमीपेक्षा लहान कड तो घेतच नाही. एका कडेपायी अख्खी वीट नाकारली जाते. मग वाट कुठली, त्यावर पुढचं ठरतं. कधी वीट येतच नाही, कधी ती मेश, म्हणजे त्रिकोणी तुकड्यांचा आकार, होऊन येते आणि अंगभर त्रिकोण घेऊन उभी राहते. म्हणजे गायब विटा आणि त्रिकोणांच्या रेघा ही दोन वेगळी दुखणी वाटली, तरी मूळ बहुधा एकच असतं.

हे न्यायच्या आधीच पकडता येतं. ग्रासहॉपरमध्ये प्रत्येक ब्रेपच्या (पृष्ठभाग जोडून झालेल्या घन आकाराच्या) कडा वेगळ्या करा, लांबी काढा आणि १ मिमीपेक्षा लहान किती आहेत ते मोजा. आकडा शून्य आला पाहिजे. मी हा छोटा गट प्रत्येक फाईलच्या शेवटी कायमचा ठेवते. आकडा शून्य नसेल तर रेव्हिटकडे जाणारी तार (ग्रासहॉपरमधले घटक अशा तारांनीच जोडलेले असतात) आपोआप बंद होते. या एका सवयीनं माझे जेवढे तास वाचले तेवढे दुसऱ्या कशानंच वाचले नाहीत.

राइनोत बिघडलेले आकार निवडणारी ‘सेल बॅड ऑब्जेक्ट्स’ कमांड चालवा, ‘शो एजेस’नं उघड्या कडा बघा, कापलेल्या पृष्ठभागांना ‘श्रिंक ट्रिम्ड सर्फेस’ द्या. एकाच पृष्ठभागात मोड असेल, म्हणजे कागद दुमडल्यासारखी घडी असेल, तर ‘डिव्हाइड अलाँग क्रीजेस’नं तो घडीवर तोडा. रेव्हिटला अशी घडी एका पृष्ठभागात चालत नाही. आणि मेशला नर्ब्समध्ये (गुळगुळीत वक्र पृष्ठभागांत) बदलून देणारी कमांड वापरून सुटका होईल असं समजू नका. ती प्रत्येक त्रिकोणाचा वेगळा पृष्ठभाग करते, फाईल फुगते आणि रेघा होत्या तशाच राहतात.

हे सगळं मी केलं. ६३ वरून ९ वर आले, ९ वरून २ वर. मग आमच्या सरांनी खांबाचा कल दोन अंशांनी बदलला आणि परत ४१ विटा गेल्या. त्या संध्याकाळी लक्षात आलं की मी एकेक कड दुरुस्त करत बसलेय, आणि कल बदलेल तितक्या वेळा हेच करावं लागणार.

वीट पाठवू नका, विटेची जागा पाठवा

राइनोला आकार कळतो. रेव्हिटला वस्तू कळते: ही भिंत, ही खिडकी, ही वीट, तिचं माप, तिचा दर. आपण राइनोतून तयार आकार उचलून रेव्हिटच्या अंगणात टाकतो आणि त्यानं तो वस्तू म्हणून ओळखावा अशी अपेक्षा करतो. डायरेक्टशेप (रेव्हिटमधला नुसता आकार) म्हणून टाकला तर कॅटेगरी मिळते, शेड्यूलमध्ये नाव लागतं, पण त्या आकाराला आतून काही कळत नाही. लांबी बदलत नाही, दार बसवता येत नाही, आणि ३,७४४ वेगवेगळे आकार वागवताना फाईल रांगायला लागते.

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, रट्टांच्या काळातली. तिच्या छतावरचं ७२ पाकळ्यांचं कमळ आपल्यापैकी बहुतेकांनी मान वर करून पाहिलेलं असेल. मी त्याच्याखाली उभी राहते तेव्हा हेच मनात येतं की कारागिरानं ७२ वेगळ्या पाकळ्या डोक्यात धरलेल्या नसणार. मध्य धरायचा, वर्तुळं आखायची, वाटण्या करायच्या, मग पाकळी. आपल्याला ग्रासहॉपरमधून रेव्हिटला द्यायचंय ते एवढंच: मध्य, आखणी, वाटणी. पाकळी तिथं घडू द्या.

प्रत्यक्षात असं करा. रेव्हिटमध्ये विटेची एक फॅमिली (एकदा घडवून हवा तितक्यांदा बसवायचा साचा) बनवा, साधी एक्स्ट्रूजन, म्हणजे आकृती ओढून केलेला ठोकळा, आत ८ मिमीच्या उभ्या सळीसाठी भोक. लांबीला एक पॅरामीटर, म्हणजे बदलता येणारा आकडा. ग्रासहॉपरमधून प्रत्येक विटेसाठी फक्त एक प्लेन पाठवा: मध्यबिंदू ही जागा, एक्स अक्ष ही दिशा. ‘ॲड कंपोनंट (लोकेशन)’ त्या प्लेनवर फॅमिलीची प्रत बसवतं. कडा नाहीत, काप नाहीत, टॉलरन्सचा, म्हणजे किती बारीक फरक चालेल याचा, प्रश्नच उरत नाही. फाईल हलकी राहते, कारण आकार एकच आणि प्रती ३,७४४.

एक गोष्ट मात्र हातानं करावी लागते. वीट किती फिरली हे रेव्हिट शेड्यूलमध्ये आपण होऊन दाखवत नाही. ‘जाळी कोन’ नावाचा इन्स्टन्स पॅरामीटर (प्रत्येक प्रतीला वेगळा असणारा आकडा) करा आणि ग्रासहॉपरमधून तो आकडा वेगळा लिहा.

टोकाच्या कापलेल्या ९६ विटांचं काय? इथं मिस्त्रींनी मार्ग दाखवला. गवंडी वीट मिलिमीटरला कापत नाही. तो अर्धा तुकडा घेतो, पाऊण घेतो, उरलेली फट मालानं भरतो. म्हणून मी कापणं सोडलं. खांबापर्यंतचं अंतर मोजून विटेची लांबी १० मिमीच्या पटीत खाली आणली आणि तो आकडा लांबीच्या पॅरामीटरला दिला. खांबाचा कल नंतर आणखी दोनदा बदलला, एकही वीट गेली नाही.

ज्यांच्याकडे राइनो इनसाइड नाही त्यांनी हेच सीएसव्हीनं (आकड्यांच्या साध्या तक्त्याच्या फाईलनं) करावं. विटेमागे एक ओळ: थर, जागा, एक्स, वाय, झेड, कोन, लांबी. रेव्हिटच्या बाजूला डायनॅमो, म्हणजे तिथलं ग्रासहॉपरसारखं साधन, ती फाईल वाचून प्रती बसवतो. वेळ थोडा जास्त जातो, निकाल तोच.

दोन जाळ्या, आणि उलटा कागद

फाईल पुन्हा चालवल्यावर शेड्यूलमध्ये ७,४८८ आकडा आला तर घाबरू नका, तो नेमका दुप्पट आहे. एकाच जागी दोन सारख्या वस्तू असल्याचा इशाराही रेव्हिट देतो, पण आपण तो सवयीनं बंद करतो. राइनो इनसाइडच्या घटकावर उजवी कळ दाबली की ट्रॅकिंगच्या (आधी बसवलेल्या वस्तूंचा माग ठेवायच्या) तीन तऱ्हा दिसतात. ‘डिसेबल्ड’ असेल तर प्रत्येक वेळी नव्या वस्तूंची भर पडते. ‘रिप्लेस’ जुन्या काढून नव्या ठेवतं. ‘अपडेट’ जमेल तिथं जुनीच वस्तू ठेवून तिचे आकडे बदलतं. ड्रॉइंगवर टॅग आणि मापं लावली असतील तर ‘अपडेट’च हवं, कारण ‘रिप्लेस’मध्ये वस्तूची ओळख बदलते आणि तिच्यावर लावलेलं सगळं गळून पडतं.

पण ‘अपडेट’मध्येही एक खोल खड्डा आहे, आणि मी त्यात पडलेय. यादीतली पाचवी नोंद म्हणजे रेव्हिटमधली पाचवी वस्तू, असं नातं क्रमावर चालतं. मध्येच यादीचा क्रम बदलला, तर वस्तू त्याच राहतात, त्यांच्या जागा मात्र आपापसांत बदलतात. मॉडेल बघताना काहीही कळत नाही, कारण भिंत दिसते तशीच असते. आपण हातानं लिहिलेले क्रमांक तेवढे चुकीच्या विटांवर जातात.

आमच्या भिंतीत फिरकीचा कोन मी पाच अंशांच्या पटीत धरला होता. ०, ५, १० करत ४० पर्यंत नऊच कोन. मिस्त्रींनी त्यासाठी प्लायवूडचे नऊ फर्मे कापून घेतले, प्रत्येकावर खिळ्यानं आकडा कोरला. मी प्रत्येक थराची एक पट्टी छापून द्यायची: डावीकडून उजवीकडे ७८ आकडे. दहा थर सुरेख झाले. अकराव्या थराला मिस्त्रींनी काम थांबवलं आणि मला फोन केला. मी गेले तर ते खालच्या थरावर फर्मा धरून उभे. म्हणाले, “ताई, वीट चांगली हाय, खरं लाट तुटाय लागलीया बघा. हा कागुद तिकडनं धरला तर जुळतोय.” त्यांनी पट्टी उलटी धरून दाखवली. खरंच जुळली.

झालं असं होतं. आदल्या आठवड्यात दाराच्या उंचीमुळं मी मार्गदर्शक वक्र (ज्यावर विटांचे बिंदू बसतात तो) दोन तुकड्यांत तोडला होता. वरच्या तुकड्याची दिशा उलटी पडली, त्यावरचे बिंदू उजवीकडून मोजले गेले. मॉडेल जसंच्या तसं, छापलेली पट्टी मात्र उलटी. दीड तासाचं काम वाया गेलं. मिस्त्रींची नजर नसती तर उरलेले सगळे थर तसेच गेले असते.

तेव्हापासून क्रमांक मी यादीवरून देत नाही, जागेवरून देते. झेडवरून थर ठरवायचा, वक्रावरच्या अंतरावरून जागा, आणि ‘थ११-ज०४’ असा मार्क ग्रासहॉपरमधूनच लिहायचा. पाठवायच्या आधी पूर्ण यादी थर आणि जागा या क्रमानं लावून घ्यायची. सगळे वक्र एका ठरलेल्या रेषेशी ताडून एकाच दिशेला वळवायचे, ‘फ्लिप कर्व्ह’ला मार्गदर्शक रेषा देता येते. हातानं लिहिलेला एकही क्रमांक रेव्हिटमध्ये ठेवायचा नाही.

वळण

भिंतीखालचा पाया मला खरी रेव्हिट भिंत म्हणून हवा होता. राइनोतला मुक्त वक्र रेव्हिटची भिंत घेत नाही, तिला सरळ रेषा, वर्तुळखंड किंवा लंबवर्तुळाचे खंड लागतात. राइनोत ‘कन्व्हर्ट’नं वक्राचे वर्तुळखंड करता येतात. मी ५ मिमीची सूट दिली, २७ मीटरचं वळण चार खंडांत बसलं. डोळ्याला काही फरक नाही. याचा साइटवर दुसराच फायदा झाला. मुक्त वक्र जमिनीवर आखायचा म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मीटरवर बिंदू मारत बसावं लागतं. वर्तुळखंडाला मध्यावर खुंटी ठोकली, दोरी ताणली, फक्कीनं रेघ ओढली, झालं. चार खुंट्यांत पाया आखला गेला.

घडीच्या छत्रीसारखी कामं असतील, जिथं प्रत्येक पत्रा वेगळा, तिथं प्लेन पुरत नाही. तिथं ॲडॅप्टिव्ह कंपोनंट (दिलेल्या बिंदूंप्रमाणे आकार घेणारी फॅमिली) घ्या आणि प्रत्येक पत्र्याचे चार कोपरे पाठवा. नेहमीची तक्रार अशी की काही पत्रे आतली बाजू बाहेर करून बसतात. कारण एकच, कोपऱ्यांचा क्रम. सर्वांत खालचा डावा बिंदू पहिला आणि मग घड्याळाच्या उलट, असा क्रम प्रत्येक पत्र्याला लावला की तक्रार संपते.

स्ट्रक्चरल सल्लागार दुसरं सॉफ्टवेअर वापरत असतील आणि आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारी मॉडेलची फाईल) मागत असतील तर आवृत्ती विचारून घ्या. २x३ मध्ये मुक्त वळणाचे पृष्ठभाग सपाट तुकड्यांत जातात. आयएफसी ४ मध्ये नर्ब्स पृष्ठभागांची सोय आहे, पण समोरच्याचं सॉफ्टवेअर ते वाचतं का हे एक लहान तुकडा पाठवून आधी बघा.

विटेचं खरं माप

शेवटची दुरुस्ती संगणकाबाहेरची आहे. फॅमिलीत मी वीट २३० मिमी धरली. भट्टीतून आलेली वीट काही २३० ची नव्हती. माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते, आणि भट्टीत कुठं रचली होती त्यावरही फरक पडतो. पहिल्या गाडीतल्या विटा २२४ पासून २३१ पर्यंत भरल्या. उंचीतही तसाच फरक, आणि ४८ थरांत थरामागे २ मिमी चुकलं तरी माथ्याला ९६ मिमी चुकतात. लिंटेल तिथं वाट बघत उभा असतो.

आता कुठल्याही जाळीच्या कामात मी आधी भट्टीवरून भाजलेल्या वीस विटा मागवते, वेगवेगळ्या थरांतल्या. ऑफिसच्या व्हरांड्यात मांडून कॅलिपरनं तिन्ही मापं घेते आणि सरासरी फॅमिलीत टाकते. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान विटेतला फरक सांध्याच्या जाडीत सामावतो का, ते बघते. सामावत नसेल तर सांधा १० चा १२ करते आणि थर पुन्हा वाटते. विटेचं सरासरी माप आणि सांध्याची जाडी हे आकडे ग्रासहॉपरच्या फाईलमध्ये सर्वांत डावीकडे, सगळ्या तारांच्या आधी ठेवलेत, आणि ते भरल्याशिवाय पुढचं काही चालू होत नाही.